हिरव्या काचेमागची झाडं

दुकान,
९ जानेवारी

भिंगरी,

अक्षर ओळखलंस का? सहा वर्षांनी लिहितोय, नाही ओळखलंस तरी तुला बोल लावणार नाही. मी तुझा भावोजी, काचवाला. पाकीट बघून धस्स झालं असेल तर आधीच सांगून टाकतो, घरी सगळं ठीक आहे. तुझी ताई ठीक आहे.

फोनच करणार होतो. पण काच घासायच्या यंत्राने माझे कान खाल्ले. समोरच्याचे ओठ दिसले तर निम्म्याहून अधिक कळतं. फोनला ओठ नसतात. म्हणून हा कागद.

काम झाडांचं आहे. मागच्या व्हरांड्यात ताईच्या बावीस कुंड्या आहेत. तू बघितल्या होत्यास त्याच्या दुप्पट झाल्या. व्हरांडा मी काचेने बंद करून घेतलाय हे तुला माहीत आहे. नोव्हेंबरात तिथल्या सातही तावदानांची साधी काच काढून हिरवी बसवली. तेव्हापासून झाडांचं काहीतरी बिनसलंय. देठ लांबच लांब, सुतासारखे. पानं फिकी आणि बारकी. सगळी दाराकडे माना वळवून उभी. जिरॅनियमने तर सगळी पानं टाकली. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, पाणी जास्त होतंय. कमी केलं, तर आणखी दोन गेली. माती बदलली, खत घातलं, भिंग लावून कीड शोधली. कीडसुद्धा नाही.

तू झाडांची आणि उजेडाचीच नोकरी करतेस. उपाय लिहून पाठव, सोप्या भाषेत. मी आठवीपर्यंतचा.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक. घरची टपालपेटी मोडलीय.

तुझा
भावोजी


प्रयोगशाळा,
१७ जानेवारी

भावोजी,

अक्षर लांबूनच ओळखलं. शिरोरेघ अजून पट्टी धरून मारल्यासारखी. पाकीट तासभर टेबलावर तसंच ठेवलं होतं. हात होईना. मग उघडलं, तर आत काय, जिरॅनियमची तक्रार! हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सहा वर्षांनी घरून बोलावणं आलं तेही झाडांच्या डॉक्टरला.

तर आता रोग सांगते. पांढरा दिसणारा उजेड हा सगळ्या रंगांचा मिळून असतो, हे तुम्हाला मी नको सांगायला, काचेच्या कडेला रंग फुटलेले तुम्ही जन्मभर बघताय. पानात जे हरितद्रव्य असतं त्याचं त्या रंगांशी सारखं जमत नाही. पान म्हणजे जेवायला बसलेलं हट्टी पोर समजा. ताटात सगळे रंग वाढलेत. तांबडा आणि निळा ते आवडीने खातं. हिरवा चिवडतं. थोडा पोटात जातो, थोडा ताटाबाहेर सारला जातो, थोडा आरपार निघून जातो. ते बाहेर सारलेलं आपल्या डोळ्यांत येतं आणि आपण म्हणतो, पान हिरवं आहे. आणि तुम्ही काय केलंत? तांबडा-निळा दारातच अडवलात आणि पोर जे चिवडतं तेवढंच त्याच्या पुढे ठेवलंत. त्यात काच गडद, म्हणजे तेसुद्धा अर्धपोटी. उपाशी झाड उजेड शोधत उंच होत जातं. ती वाढ नव्हे, ती धडपड असते.

माझ्या खोल्यांत याच्या उलट. इथं फडताळांवर पालक, मेथी, टोमॅटोची रोपं आणि वर फक्त तांबडे आणि निळे दिवे. निळा जास्त दिला की रोप बुटकं, गुटगुटीत होतं. नुसता तांबडा दिला की हातपाय ताणून बसतं. दोन्हीचं प्रमाण जुळवायचं, हेच माझं काम. त्या जांभळट खोलीत हिरवी पानं काळी दिसतात, आणि बाहेर आलं की पाच-दहा मिनिटं भिंती, माणसं, चहाचा कप, सगळं हिरवट.

तेव्हा उपाय एकच. काच काढा. तुम्हाला काय, काचेच्या कडेची लांबी खरवडली की तावदान हातात.

पण हिरवी काच सुचली कुणाला? ताईला हिरवा रंग डोळ्यांसमोर चालायचा नाही. हिरवा फ्रॉक शिवला म्हणून आईशी दोन दिवस बोलली नव्हती.

मी लिहिलंय हे तिला सांगू नका. तिचा अबोला आता दोन दिवसांचा राहिलेला नाही.

भिंगरी


दुकान,
२९ जानेवारी

भिंगरी,

पोराचं उदाहरण पटलं. दुकानात एकटाच हसलो.

पण काच काढता येणार नाही. ताईची हौस आहे. माणसाच्या आवडी बदलतात. मलासुद्धा पूर्वी कारलं आवडत नव्हतं.

दुसरा काही मार्ग काढ. मी कुंड्या दुकानात आणून ठेवायला निघालो, तर तिने अडवलं. तिला त्या व्हरांड्यातल्या तिच्या खाटेजवळच हव्यात. रोज सकाळी विचारते, कुठल्या कुंडीत नवं पान आलं? मी सांगतो, अमक्या कुंडीत. मग ती हात लांब करते आणि चाचपून बघते. हल्ली नवी पानं फारशी येत नाहीत, म्हणून मी एक दिवस जुन्या पानालाच नवं म्हणालो. तिने बोटांत धरलं आणि म्हणाली, “हे तर मागच्या महिन्यातलं.” पकडला गेलो. त्यानंतर मला झाडं वाचवायचीच आहेत, भिंगरी. ती गेली तर रोज सकाळी आम्ही दोघं बोलायचं कशावर?

तुझा अबोल्याचा विषय मी काढत नाही. दोघी बहिणींच्या मध्ये पडलेल्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

भावोजी


प्रयोगशाळा,
८ फेब्रुवारी

भावोजी,

वा! ताई खाटेवर आणि तुम्ही सकाळची हजेरी देताय? राणीसरकार झाली की काय? जी बाई ताप अंगात असताना पायरी धुवायची, ती दिवसाउजेडी खाटेवर पडून पानं चाचपते? कंबर धरली असेल. आईचीही धरायची. कुणाला सांगायची नाही, ताईही सांगणार नाही. तिला म्हणावं, कंबरेला शेक दे आणि झाडांना काचेतून सोड.

नसेल सोडायची तर दोन गोष्टी करा. एक, नेचे आणा. घनदाट झाडीच्या तळाशी जे वाढतं ते वरच्या झाडांनी खाऊन उरलेल्या उजेडावर जगतं. त्या उरलेल्यात हिरवाच जास्त असतो. नेच्यांना त्याची सवय असते. जिरॅनियमसारखे ते रुसत नाहीत. हिरवा उजेड तसा अगदीच फुकट नसतो. तांबडा-निळा पानाच्या वरच्या थरातच संपतो, हिरवा आत खोल आणि खालच्या पानांपर्यंत पोचतो. हे मला इतकी वर्षं काम करून पटलंय.

दुसरी गोष्ट, सोबतच्या खोक्यात दिव्यांची एक पट्टी पाठवलीय. तांबडे आणि निळे दिवे एकाआड एक. माझ्याकडची जुनी आहे पण चोख चालते. कुंड्यांच्या वर हातभर अंतरावर टांगा आणि रोज दहा-बारा तास चालू ठेवा. ताईने विचारलं तर सांगा, दुकानात कुणी गिऱ्हाईक देऊन गेलं.

पंधरा दिवसांत जिरॅनियम डोळे उघडतं की नाही बघा. माझी पैज.

भिंगरी


दुकान,
२१ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

खोकं सोमवारी आलं. मंगळवारी दुपारी ती झोपली होती तेव्हा मी पट्टी टांगली, अगदी माप घेऊन. ती जागी झाल्यावर तिला नवल दाखवावं म्हणून खटका दाबला.

ती ओरडली. मला ऐकू येत नाही, पण तेव्हा ऐकू आलं. दोन्ही हातांनी डोळे दाबून तिने डोकं भिंतीवर आपटून घेतलं. मी खटका शोधतोय आणि तो मला सापडत नाही. शेवटी तार हिसडून काढली. नंतर तासभर ओकत होती. संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले.

मी तुझ्याशी खोटं बोललो. ताई ठीक नाही. टपालपेटीही मोडलेली नाही.

तिच्या डोक्यात गाठ आहे. दोन वर्षांपूर्वी काढली होती. मागच्या पावसाळ्यात परत आली, आणि या वेळी डॉक्टर काढायचं म्हणत नाहीत. ते महिन्यांत बोलतात. उजवा डोळा गेला. डाव्याला सावल्या दिसतात, पण उजेड सुईसारखा आत घुसतो. आम्ही पडदे लावले, काळा कागद लावला. अंधारात ती म्हणायची, “जिवंतपणी कशाला पुरताय?” एक दिवस तिला दुकानात आणून बसवलं होतं. हाताला लागला तो काचेचा तुकडा तिने डोळ्यांपुढे धरला. पिवळा धरला, निळा धरला, फेकला. मग हिरवा धरला आणि तसाच धरून बसली. म्हणाली, “हा बरा आहे. हा टोचत नाही.” मी त्याच आठवड्यात सातही तावदानं बदलली. डॉक्टर म्हणाले, डोकं दुखणाऱ्या काही जणांना तेवढाच एक रंग सोसतो.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. मी म्हणायचो, “अगं, सख्खी बहीण आहे.” ती म्हणायची, “माझं दुखणं ऐकून आली तर ती दुखण्याला भेटायला येईल. मला भेटायला नाही.” म्हणून मी झाडांचं निमित्त काढलं. शपथ झाडांबद्दल नव्हती.

दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर तिने विचारलं, “दिवा कुठून आणलात?”

“गिऱ्हाइकाने दिला.”

“असला रंग फक्त एकीच्या खोलीत असतो,” म्हणाली. तुझ्या प्रयोगशाळेचा फोटो एकदा पेपरात आला होता. तो तिने कापून ठेवलाय, मला माहीतच नव्हतं. मग म्हणाली, “तिला कळवा, दिवा चांगला आहे. मला नाही मानवला.”

स्वतःला दोष देऊ नकोस. मी सांगितलं असतं तर तू पाठवलाच नसतास.

भावोजी


प्रयोगशाळा,
२५ फेब्रुवारी

भावोजी,

पत्र काल दुपारी आलं. तेव्हापासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय, “राणीसरकार झाली की काय?” मी लिहिलं होतं ते. हसत लिहिलं होतं.

मी येणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट लिहिते. ती तुम्ही ताईला वाचून दाखवा. मी तोंडाने सांगायला बसले तर रडत बसेन आणि सांगायचं राहून जाईल.

आई अखेरची होती तेव्हा ताईने इथल्या कचेरीत फोन केला होता. मी पोचले तेव्हा आईला नेऊन दोन दिवस झाले होते. मी सगळ्यांना सांगितलं की कचेरीतला कारकून चिठ्ठी द्यायला विसरला. खोटं होतं ते. फोन गुरुवारी आला आणि गुरुवारीच, पंधरा मिनिटांत, त्याने चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. ‘आई फार आजारी, लगेच ये.’ माझी एकवीस दिवसांची रोपं होती, रविवारी काढायची होती. मध्येच उठलं असतं तर सगळी मापं वाया. मी मनाला म्हटलं, ताई नेहमीच वाढवून सांगते. आई चार दिवस कुठे जात नाही. रविवारी रोपं कापली, वजनं केली, वहीत लिहिली, आणि रात्रीच्या गाडीत बसले.

तो आकडा अजून वहीत आहे. काही उपयोगाचा निघाला नाही.

दारात ताईने विचारलं होतं, “झाली का रोपं मोजून?” तिला माझी चीड आहे, माझ्या शिकण्याचा हेवा आहे, असं मी सहा वर्षं धरून चालले. तसं धरलं की बरं पडायचं.

ती नको म्हणाली तर सांगा. तरी येईन, पण बाहेर थांबेन.

भिंगरी


दुकान,
३ मार्च

भिंगरी,

वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, “परत वाचा, शेवटचं सोडून.” परत वाचलं.

मग म्हणाली, “मला माहीत होतं.” मी म्हटलं, “काय?” तर म्हणाली, “शनिवारी मी पुन्हा फोन केला होता. तो कारकून म्हणाला, बाई, चिठ्ठी परवाच हातात दिली, त्यांनी माझ्यासमोर वाचली. पुढे ही घरी आली आणि त्याच माणसावर ढकलून मोकळी झाली.”

सहा वर्षं हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी जरा चिडलोच. म्हटलं, “मग तोंडावर का नाही सांगितलंस?” तर म्हणते, “उशिरा आली म्हणून राग नव्हता. माणसाला उशीर होतो. ती आपण होऊन कधी सांगते याची वाट बघत होते. ती म्हणत असेल, ताई बोलत नाही. मी म्हणत होते, ही सांगत नाही. दोघी आईवर गेलो.”

नंतर तिने कागद घ्यायला सांगितला. पुढचं तिचं आहे, मी जसंच्या तसं लिहितोय.

‘ये. बाहेर थांबायला तू दूधवाली नाहीस. येताना दिवा आणू नकोस. रडायचं असेल तर गाडीतच उरकून ये, हिरव्या उजेडात रडणारी माणसं फार कुरूप दिसतात असं यांच्याकडे बघून वाटतं. मला दिसत नाही म्हणून हे समजतात मला कळत नाही. नेचे लागले. एका नेच्याचा कोंब मुठीसारखा वळलेला आहे, रोज थोडी मूठ सोडतो. तो पुरता उघडायच्या आत ये. सुट्टी किती मिळते ते विचारून ये, मग मी त्याप्रमाणे बेत करते.’

शेवटच्या वाक्यावर ती हसली. मी लिहिताना हसलो नाही.

लवकर ये.

भावोजी


दुकान,
३० एप्रिल

भिंगरी,

तुझं पोचल्याचं पत्र मिळालं. रोपं तुझ्या मैत्रिणीने सांभाळली हे बरं झालं.

इथलं सांगायचं तर मी तावदानं बदलली. गेल्या रविवारी सगळी हिरवी काच उतरवली आणि साधी बसवली. ऊन एकदम आत आलं. मला तिथं उभंच राहवेना. भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, हिरव्यात तो कधी दिसला नव्हता. पुसायला फडकं घेतलं आणि परत ठेवून दिलं.

कुंड्या नऊ उरल्या. नेचे उन्हाने करपायला लागले, म्हणून ते आतल्या खोलीत नेले. बाकीच्यांना तुझा तांबडा-निळा आता भरपूर मिळतोय. मी पाणी घालतो. नवं पान आलं की सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो.

तू होतीस ते पंचवीस दिवस मी दुकानात होतो तेव्हा तुम्ही दोघी काय बोललात ते मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. मी आलो की तू तिच्या पायांशी बसलेली असायचीस आणि दोघींचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. मला तेवढं पुरे आहे.

पण एक विचारायचं आहे. तू इथं होतीस तेव्हा विचारायला हवं होतं, धाडस झालं नाही.

शेवटच्या सकाळी मी तिच्या उशाशी होतो, तू दुसऱ्या बाजूला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे चेहरा वळवला आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ सुजलेले होते, त्यात तो हिरवा अंधार. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आणि मी काय केलं माहीत आहे? मान हलवली. ऐकल्यासारखी. दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना तीस वर्षं हलवतो तशी. पुन्हा विचारायला हवं होतं. वाटलं, तिला परत बोलायचे कष्ट कशाला? खरं म्हणजे तेही नाही. शेवटच्या वेळीसुद्धा बहिरेपणाची लाज वाटली.

ती हसली. मग आणखी काहीतरी बोलली आणि मी परत मान हलवली. तासाभराने गेली.

मी कशाला हो म्हणालो, भिंगरी? तिने काही मागितलं होतं का? काही करायचं ठरवून दिलं होतं का? महिना होत आला, मी घरात फिरतो आणि प्रत्येक वस्तूकडे बघून वाटतं, हे तर नसेल? तिची पेटी उघडायची होती का? कुणाला काही द्यायचं होतं का? हो म्हणून बसलोय आणि करत काहीच नाहीये.

तुला ऐकू आलं असेल. काय असेल ते लिही. वाईट असलं तरी लिही.

भावोजी


प्रयोगशाळा,
६ मे

भावोजी,

तुमचं पत्र वाचून आधी खोलीचं दार लावून घेतलं आणि मग लिहायला बसले. तुम्ही महिनाभर असे घरात फिरताय आणि मला कल्पना नाही. मला वाटलं होतं, तुम्ही ऐकलंत. तुम्ही इतकी बरोबर मान हलवलीत!

तुम्ही त्या सकाळी तिच्या कानाशी बोलत होतात. तुमच्या मते कुजबुजत होतात. “घाबरू नकोस, मी आहे, मी इथंच आहे,” असं म्हणत होतात. भावोजी, ते रस्त्याच्या पलीकडच्या शिंप्याने ऐकलं असेल. तुम्हाला तुमचा आवाज कळत नाही.

ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, “किती ओरडता! सगळ्या गल्लीला कळलं मी निघाले ते.”

आणि तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत. म्हणून ती हसली. मीही हसले होते, तुमचं लक्ष नव्हतं.

काही मागितलं नव्हतं. पेटी उघडायची असेल तेव्हा उघडा, नसेल तर राहू दे. तुम्ही कशाला हो म्हणालात म्हणाल, तर ओरडत होतो हे कबूल केलंत, एवढंच.

त्यानंतर ती जे बोलली, तेही मी ऐकायला गेले. खाटेवर ओणवी होऊन तिच्या तोंडाला कान लावला. दोन शब्द होते, फार तर तीन. पहिल्यात तुम्हाला हाक होती, “अहो.” पुढचं नुसता श्वास होता. मलाही कळलं नाही.

कालपासून तीन-चार वाक्यं सुचली. तिच्या तोंडी शोभतील अशी, तुम्हाला जन्मभर पुरतील अशी. तुम्ही विश्वासही ठेवला असता. पण कळलं नाही हेच खरं आहे, भावोजी. माझे कान चांगले आहेत, मी इतकी जवळ होते की तिचे ओठ माझ्या कानाला लागत होते, आणि तरी मला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात दहा दिवस सुट्टी आहे. येऊ का?

तुमची
भिंगरी